त्या बारीक नळीखाली एकदा बादली ठेवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. शेजारच्या घरी पाणी शुद्ध करायचं आरओ यंत्र विकणारा एक तरुण आला होता. शेजारीणबाईंची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, घरात दीड महिन्याचं बाळ, म्हणून संध्याकाळी माझी तिकडे एक चक्कर असतेच. त्या दिवशी गेले तर ओट्यावर दोन काचेचे ग्लास मांडलेले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्या तरुणानं स्वतःच्या बाटलीतून ओतलेलं आरओचं पाणी. त्यानं पिशवीतून हाताएवढं एक उपकरण काढलं. त्याला खाली चार कांड्या, काही लोखंडाच्या, काही ॲल्युमिनियमच्या. कांड्या दोन्ही ग्लासांत बुडवल्या, वायर बोर्डात लावली, आणि मिनिटभरात नळाचं पाणी आधी पिवळं, मग तांबडं, मग गटारासारखं काळपट हिरवं झालं. वर फेस आला. दुसरा ग्लास होता तसा नितळ.

"बघा मावशी," तो म्हणाला, "असलं पाणी या लेकराला पाजणार का तुम्ही?"

बाळाची आई रडकुंडीला आली. शेजारीणबाईंनी पैसे कुठून उभे करायचे याचा हिशेबही मनात सुरू केला असावा, कारण त्या नवऱ्याला फोन लावायला उठल्या.

मी त्या तरुणाला म्हणाले, "बाळाला सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही द्यायचा नसतो, ते राहू दे. तुझ्या त्या नितळ ग्लासात चिमूटभर मीठ टाक आणि कांड्या परत बुडव." तो नको म्हणाला. शेजारीणबाईंनीच मिठाची बरणी पुढे केली. मीठ विरघळलं, बटण दाबलं, आणि ते पाणीही तसंच तांबडं झालं.

नळाच्या पाण्यात घाण नव्हतीच. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, वीज वाहिली की लोखंडाची कांडी झिजते, आणि ग्लासात दिसतो तो त्या कांडीचा गंज. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यात जमा, म्हणून वीज वाहत नाही आणि कांडी तशीच राहते. उत्तम गोड्या विहिरीचं पाणी घेतलं तरी त्याला हाच रंग येईल. उलट त्या नितळ ग्लासात कॉलऱ्याचे जंतू असते तरी तो नितळच राहिला असता. लोकांच्या डोळ्यांसमोर, घरात तान्हं बाळ असताना, ही भीती विकली जाते आहे. तो पोरगा वाईट नव्हता. उन्हातून आलेला, शर्ट घामानं भिजलेला, त्याला जे शिकवून पाठवलं ते तो करत होता. माझा राग त्याच्यावर नाही.

पण त्या रात्री मला झोप आली नाही. या यंत्राच्या बाबतीत माझ्याही हातून मोठी चूक झाली आहे आणि ती मी सात वर्षांहून अधिक काळ रोज करत होते. ती आपल्या वाचकांना सांगावी म्हणून हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबेल, पण कृपा करून फार कापू नये ही विनंती.

मी आरोग्य खात्यात ३३ वर्षं आरोग्य सेविका होते. बहुतेक नोकरी औसा आणि निलंगा तालुक्यांतल्या उपकेंद्रांत झाली. पाणी हे आमच्या कामाचं अर्धं अंग. विहिरीत, टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून घ्यायची, अर्धा-पाऊण तास थांबायचं, मग ओटी टेस्ट करायची. नळीतल्या पाण्याला पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे, तेव्हाच ते पाणी लोकांना प्यायला मोकळं. ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळायचं तेही पाण्याच्या पाहणीवरूनच. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा माझ्या नोकरीला चारच वर्षं झाली होती. पत्र्याच्या शेडपाशी टँकर रिकामा झाला की टाकीत पावडर टाकायची जबाबदारी माझी होती. पाणी नितळ दिसतंय म्हणून पावडर चुकवू नका, असं आमच्या वरिष्ठ बाई रोज बजावायच्या. तेव्हापासून पाणी तपासल्याशिवाय त्याबद्दल मत बनवायचं नाही ही सवय मला लागली. आणि ही सवय असलेल्या बाईनं स्वतःच्या घरातलं पाणी मात्र सात वर्षं तपासलं नाही.

लातूरकरांना २०१६ चा उन्हाळा सांगायला नको. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा टाक्या, प्रत्येकीत ५० हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख लिटर पाणी, सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून. आम्ही स्टेशनकडे बघायला गेलो होतो. तिथं एक म्हातारी हात जोडून उभी होती, ती माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही.

त्या दिवसांत आमचं घर बोअरवर होतं. ६१० फुटांवर काळ्या दगडातलं पाणी. चहा फुटल्यासारखा दिसायचा, पातेल्यांना पांढरा खर बसायचा, साबणाला फेस येत नव्हता. तुरीच्या डाळीच्या बाजारासाठी लातूर सगळीकडे ओळखलं जातं, आणि आमच्या कुकरात सहा शिट्ट्या झाल्या तरी डाळ दाण्यासारखी अख्खी. पाणी जड असलं की त्यातलं कॅल्शियम डाळ मऊ होऊ देत नाही. कामाला येणारी बाई म्हणायची, "सिस्टर, लई मचूळ लागलालंय ओ हे पाणी." मे महिन्यात आम्ही १४,५०० रुपयांना आरओ यंत्र घेतलं. ती खरेदी बरोबर होती, आजही मी तेच म्हणेन. दुसरं पाणीच नव्हतं.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी धरण भरलं. पुढं आमच्या गल्लीतला नळ सुरू झाला. हौदात नळाचं पाणी पडू लागलं तसं आम्ही प्लंबरला बोलावून यंत्राची जोडणी बोअरच्या टाकीवरून नळाच्या टाकीवर घेतली. पाणी बदललं, यंत्र तेच राहिलं. या पाण्याला हे यंत्र लागतं का, असं त्या दिवशी मी कुणाला विचारलं नाही. स्वतःलाही नाही. दरवर्षी देखभालीचे साडेचार हजार भरत राहिले. कार्यालयातले लोक घरी आले की "आमच्याकडे आरओचं आहे, खुशाल प्या" असं सांगत राहिले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मोरीचं तोंड तुंबलं. प्लंबरनं सिंकखालचे सगळे पाइप काढले आणि यंत्राची बारीक पांढरी नळी तात्पुरती एका बादलीत सोडली. बोटाएवढीही जाड नाही ती नळी. दुपारी बघते तर बादली भरून फरशीवर पाणी. मला वाटलं कुठंतरी गळतंय. सूनबाई म्हणाली, "आई, गळत नाहीये. हे रोजच जातंय. आज फक्त दिसतंय."

माझा नातू तेव्हा आठवीत होता. आम्ही दोघांनी मोजायला घेतलं. शुद्ध पाण्याच्या तोटीखाली एक लिटरचं माप, बारीक नळीखाली बादली, हातात घड्याळ. चार मिनिटांत एक लिटर शुद्ध पाणी मिळालं. तेवढ्या वेळात बादलीत तीन लिटर. आम्ही पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. तेच.

पाच माणसांच्या आमच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून रोज २० लिटर आरओचं पाणी लागायचं. म्हणजे रोज ६० लिटर मोरीत. वर्षाला २१,९०० लिटर. नातवानं वहीत गुणाकार केला आणि मी त्याला रेल्वेचं सांगितलं. त्यानं भागाकार केला. आमच्यासारखी २३ घरं एका वर्षात जेवढं पाणी त्या बारीक नळीतून सोडून देतात, तेवढं पाणी घेऊन ती पहिली रेल्वे मिरजेहून आली होती. आमच्या गल्लीत ३१ घरं आहेत. मी घरोघर जाऊन विचारलं. त्यांतल्या १९ घरांत आरओ आहे.

नंतर मी ३०० रुपयांचा टीडीएस मोजायचा पेन आणला. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले सगळे क्षार मिळून दर लिटरला किती मिलिग्रॅम, याचा अंदाज. बोअरचं पाणी १,३८०. नळाचं पाणी ३१०. यंत्रातून आलेलं २८. आणि मोरीत जाणारं ४०५. ते शेवटचं वाचन मी दोनदा घेतलं. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस ५०० पर्यंत असणं योग्य, आणि दुसरं पाणी नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेता येतं. म्हणजे ज्या पाण्याला मी सांडपाणी म्हणून सात वर्षं सोडून दिलं, तेसुद्धा क्षारांच्या हिशेबानं पिण्यायोग्य मर्यादेतच होतं. ओट्याला टेकून मी किती वेळ तशीच उभी राहिले मला आठवत नाही.

हे पाणी वाया का जातं ते समजून घ्यायला मला थोडा वेळ लागला, आणि कैरीवरून समजलं. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की त्यांना पाणी सुटतं. फोडीच्या सालीआडचं पाणी मिठाच्या बाजूला ओढलं जातं, हा निसर्गाचा क्रम. आरओ हा क्रम उलटा करतं. खारट बाजूचं पाणी पंपानं दाब देऊन एका अतिशय बारीक पडद्यातून गोड्या बाजूला ढकलायचं. पडद्यातून पाणी जातं, क्षार अलीकडे राहतात. ते साचत गेले तर पडदा त्यांनी माखून निकामी होईल, म्हणून ते सतत धुऊन काढावे लागतात, आणि त्या धुण्याचं पाणी म्हणजे बारीक नळीतलं पाणी. तेव्हा ती नळी हा यंत्राचा दोष नव्हे, त्याच्या कामाचाच भाग आहे. आमच्या गल्लीत एकानं पाणी वाचवायचं म्हणून नळीला गाठ मारली आणि दोन महिन्यांत नवा पडदा घ्यावा लागला. तसं कुणी करू नये. काही ठिकाणी "पाणी वाया जात नाही" म्हणून ती नळी परत छतावरच्या टाकीत सोडून देतात. त्यात पाणी वाचतं खरं, पण काढलेले क्षार त्याच टाकीत परत येतात. टाकीचा वापर कमी असेल तर तिथलं पाणी दिवसेंदिवस जड होत जाईल, याचा विचार जोडून देणाऱ्यानं करावा.

आता पेनाबद्दल. विक्रेते हाच पेन पाण्यात बुडवून घाबरवतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. हा पेन पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच बघतो. त्याला जंतू दिसत नाहीत. कीटकनाशक दिसत नाही. आकडा ३१० म्हणजे पाणी सुरक्षित असं नाही, आणि २८ म्हणजे अमृत असंही नाही. माझ्या नोकरीच्या काळात जुलाब-उलट्यांच्या ज्या साथी मी पाहिल्या, त्या क्षारांमुळे आलेल्या नव्हत्या. पाइपलाइन फुटून गटाराचं पाणी शिरलं, टाकी धुतली नाही, पावडर टाकली नाही, म्हणून आल्या होत्या. एका साथीत आठ वर्षांची एक मुलगी माझ्यासमोर गेली. सलाइन लावायला शीर सापडली नाही. त्या विहिरीच्या पाण्याची चव गावात सगळ्यात गोड होती.

म्हणून नळाच्या पाण्यात जंतूंचा बंदोबस्त हवा, आणि तो आरओखेरीज होतो. पाणी दुहेरी फडक्यानं गाळून चांगली खळखळ उकळी आणली की जंतू मरतात. क्लोरीनच्या थेंबांनी मरतात. यूव्ही दिव्यानं मरतात, फक्त पाणी गढूळ नको. यूएफ नावाची पोकळ दोऱ्यांची गाळणी येते, ती जंतू अडवते, तिला ना मोठा दाब लागतो ना आरओसारखी सतत वाहणारी सांडपाण्याची नळी. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. आरओ यंत्रात सुरुवातीलाच कोळशाची गाळणी असते, ती क्लोरीन काढून घेते, कारण क्लोरीननं तो पडदा खराब होतो. म्हणजे यंत्राच्या टाकीत जे पाणी साठतं त्यात क्लोरीनचं संरक्षण उरत नाही. ती टाकी वेळेवर धुतली नाही, तोटीला हात लागत राहिले, तर तिथं जंतू वाढायला मोकळं रान. आमची टाकी उघडली तेव्हा आतून बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागली. देखभालीचे पैसे आम्ही भरत होतो, पण टाकी उघडून दाखवा असं कधी म्हटलं नव्हतं.

क्षार म्हणजे नुसती घाणही नव्हे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यातच असतात. क्षार पार काढून टाकलेलं पाणी वर्षानुवर्षं पिण्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००५ मध्येच सावधगिरीचा इशारा दिला आहे. ही खनिजं मुख्यतः आपल्याला भाकरी, डाळ, दूध, भाजी यांतूनच मिळतात हे मला ठाऊक आहे, आणि आरओच्या पाण्यानं हाडं ठिसूळ होतात असं मी म्हणणार नाही. पण फुकट मिळणारी गोष्ट पैसे देऊन काढून टाकायची, तेही तिप्पट पाणी ओतून, हे मला पटत नाही. मूतखड्याच्या भीतीनं आरओ घेणारेही खूप आहेत. मूतखडा होऊन गेलेल्यांना डॉक्टर पहिल्यांदा काय सांगतात? भरपूर पाणी प्या. आमच्याकडे उन्हाळ्यात शेतात राबणारी माणसं दुपारपर्यंत तांब्याभर पाण्यावर राहतात, त्यांच्याशी आधी त्याबद्दल बोलायला हवं.

राष्ट्रीय हरित लवादानं मे २०१९ मध्ये या विषयावर आदेश दिला होता. पाण्यातला टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथं आरओच्या वापरावर बंदी आणावी, आणि जिथं आरओला परवानगी द्यायची तिथं आधी निदान ६० टक्के आणि पुढं ७५ टक्के पाणी वापरात आलं पाहिजे, असं त्यात म्हटलं होतं. आमच्या यंत्रातून २५ टक्के येत होतं. त्या आदेशानंतर पुष्कळ कायदेशीर चर्चा झाली, त्यात मी शिरत नाही. माझ्या गल्लीत आलेल्या एकाही विक्रेत्यानं "आधी तुमचं पाणी तपासू" असं म्हटलेलं मात्र मी ऐकलं नाही.

मी यंत्राच्या विरोधात आहे असा समज होऊ नये म्हणून पुढचं सांगते. ते यंत्र मी काढलं आणि दादाला दिलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, बीड जिल्ह्यातल्या एका गावात शेती करतो. त्याच्या घरी प्यायला बोअर. त्याच्या नातवाच्या पुढच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत. वहिनीला वाटायचं पोरगं दात घासत नाही, म्हणून त्याला मारही बसायचा. मी ओळखलं. बोअरच्या पाण्यात विरघळलेलं फ्लोराईड. दात हिरड्यांत घडत असतानाच हे डाग पडतात, नंतर कितीही घासले तरी जात नाहीत. किनवटकडच्या गावांत तर फ्लोराईडनं म्हाताऱ्यांची हाडं, सांधे आखडलेले आहेत. हे पाणी उकळून उपयोग नाही. उकळल्यानं पाणी वाफ होऊन जातं आणि फ्लोराईड भांड्यात राहतं, उलट अधिक दाट होतं. घरगुती तुरटी फिरवून जात नाही. फडक्यातून तर जाणारच. इथं आरओ कामाला येतं.

आम्ही दादाच्या बोअरचं पाणी भूजल सर्वेक्षण विभागाच्या प्रयोगशाळेत दिलं. त्यासाठी दोन लिटरचा स्वच्छ कॅन घ्यायचा, त्याच पाण्यानं तीनदा विसळायचा आणि काठोकाठ भरून द्यायचा. जंतूंची तपासणी करायची असेल तर निर्जंतुक बाटली तिथूनच घ्यावी लागते आणि ती बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवावी लागते. निकाल आला. टीडीएस १,६२०. फ्लोराईड दर लिटरला २.१ मिलिग्रॅम. मानकात १ पर्यंत योग्य, फार तर १.५. माझ्या नळाच्या पाण्याचा नमुनाही सोबत दिला होता, त्यात फ्लोराईड ०.४ आणि कठीणपणा, म्हणजे पाण्याचा जडपणा, १७०, सगळं मर्यादेत. एकच यंत्र, माझ्या घरात निरुपयोगी आणि दादाच्या घरात औषधासारखं. फरक फक्त पाण्यात होता, आणि तो कळायला एक कॅन भरून नेणं एवढंच करायचं होतं.

दादाच्या घरी यंत्र बसलं, पडदा नवा घातला. बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस ११०. दोन महिन्यांनी गेले तर पेन ४५० दाखवत होता. मला वाटलं पडदा गेला. विचारल्यावर कळलं की पाणी "फिकं लागतंय" अशी वहिनीची तक्रार होती, म्हणून मेकॅनिकनं आतला एक स्क्रू फिरवून चव आणून दिली होती. हा स्क्रू म्हणजे टीडीएस कंट्रोलर. तो उघडला की न गाळलेलं पाणी थोडं थोडं शुद्ध पाण्यात मिसळतं. क्षार मिसळले, चव आली. पण त्या क्षारांबरोबर फ्लोराईडही आलं. हिशेब केला तर चार तांब्यांतला जवळजवळ एक तांब्या थेट बोअरचा निघाला. ज्यासाठी यंत्र बसवलं तेच त्या स्क्रूनं परत आत सोडलं. मी तो स्क्रू बंद करून घेतला. वहिनी माझ्यावर आठ दिवस नाराज होती. ज्यांच्या पाण्यात फ्लोराईड किंवा नायट्रेट जास्त आहे त्यांनी चवीसाठी तो स्क्रू उघडू देऊ नये, हे मी अगदी हात जोडून सांगते.

तिथल्या बारीक नळीचं पाणी टीडीएस २,१०० च्या वर आहे. ते आम्ही संडासात आणि गोठ्याची फरशी धुवायला वापरतो. जनावरांना पाजत नाही, झाडांना घालत नाही. आमच्या गल्लीतल्या एका बाईंनी बोअरवरच्या आरओच्या बारीक नळीचं पाणी मोगऱ्याला घातलं होतं, दोन महिन्यांत पानांच्या कडा करपल्या. कूलरमध्ये घातलं तर वाळ्यावर पांढरा थर चढतो. नळावरचं आरओ असेल तर त्याच्या बारीक नळीचं पाणी मात्र झाडांना, धुण्याला, भांड्यांच्या पहिल्या पाण्याला बिनघोर वापरता येतं. दादाच्या परसात ते फ्लोराईड शेवटी मातीतच जातं, ही गोष्ट मला खटकते. त्यावर माझ्याकडे आज तरी उपाय नाही.

लग्नाकार्यातल्या जारबद्दल एकच सांगते. तो जार भरणाऱ्या प्लांटलाही तशीच नळी असते, फक्त ती जाड असते आणि आपल्याला दिसत नाही. जार घेताना पाणी कुठलं आणि कधी तपासलं ते विचारावं.

आता आपल्याकडे एक मागणी आहे, संपादक महोदय. उन्हाळा लागला की आपल्यासकट सगळी वर्तमानपत्रं धरणात किती टक्के पाणी उरलं ते रोज चौकटीत छापतात. आम्ही चहाच्या आधी ती चौकट बघतो. त्या चौकटीत आठवड्यातून एकदा आणखी एक ओळ छापता येईल का? नळाला सोडलेल्या पाण्याचा टीडीएस, कठीणपणा, फ्लोराईड, आणि शेवटच्या नळाला शिल्लक क्लोरीन किती. पाणी सोडणाऱ्यांकडे तपासणी होतच असते, तिचे आकडे मागून घेऊन छापायचे एवढंच. गावांतही आता जल जीवन मिशनमधून पाच-पाच बायकांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवलं आहे, त्यांचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिले तर वाचायला माणसं थांबतील. ही ओळ रोजच्या वाचनात आली की ओट्यावर ग्लास मांडून बसलेल्या माणसाला शेजारीणबाईच आकडा सांगतील. मला मिठाची चिमूट घेऊन जावं लागणार नाही.

शेजारीणबाईंनी यंत्र घेतलं नाही. त्यांनी माझ्यासारखाच यूएफचा फिल्टर घेतला आणि उरलेल्या पैशांतून लेकीला डिंकाचे लाडू केले. गल्लीतल्या १९ घरांपैकी सहा घरांनी आतापर्यंत नळीखाली बादली ठेवून मोजलं. दोघांचं यंत्र बोअरवर आहे, त्यांना मी ते काढू नका म्हणाले. बाकीच्यांचा विचार चालू आहे.

आमच्याकडे आठवड्यातून एकदा, गुरुवारी नळ येतो. तेव्हा नातू पेन बुडवतो आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आकडा लिहितो. गेल्या गुरुवारी ३१८ होता. वर्षभराच्या नोंदींचा कागद पत्रासोबत जोडला आहे. पहिली ओळ छापायची झाली तर त्यातला कुठलाही आकडा घ्यावा.

आपली वाचक,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
लातूर